शेपटाचे शहाणपण

लखनौच्या इंदिरा नगर वसाहतीत दिवाळी आली, की घराघरांवर विजेच्या माळा लागतात. आमच्या घरावर मात्र माळेच्या जोडीला एक आकाशकंदील असे. बांबूच्या कामट्या, खळ, पतंगी कागद आणि खाली लोंबणाऱ्या झिरमिळ्या यांचा तो षट्कोनी कंदील माझे वडील दरवर्षी स्वतःच्या हाताने करीत. सरकारी नोकरीच्या निमित्ताने मी या शहरात आलो आणि काही वर्षांनी तेही आमच्याकडे राहावयास आले. येताना त्यांनी कामट्या तासण्याची सुरी तेवढी न विसरता आणली होती. येणारेजाणारे थबकून वर पाहात आणि हे काय आहे म्हणून विचारीत. वडील आपल्या मोडक्या हिंदीत त्याचा अर्थ समजावून सांगत. त्या हिंदीला उत्तर प्रदेशात इतकी दाद कशी मिळते, याचे मला नेहमी नवल वाटे.

गेल्या श्रावणात ते गेले. साहजिकच त्या दिवाळीला आमच्या घरावर कंदील लागावयाचा नव्हता. वर्ष सरेपर्यंत सण करावयाचा नाही, ही रीत आम्ही पाळली. परंतु त्यांनी तासून, गुळगुळीत करून, सुतळीने बांधून ठेवलेली कामट्यांची जुडी कपाटावर तशीच होती. दसऱ्यानंतर एके दिवशी माझ्या बारा वर्षांच्या मुलीने ती जुडी खाली काढली आणि मला विचारले, "बाबा, यंदा कंदील टांगायचा नसतो ना? पण उडवायचा नसतो, असं कुठं सांगितलंय?"

मी सरकारी माणूस. जी गोष्ट नियमात निषिद्ध म्हणून लिहिलेली नाही, तिला हरकत घेताना आम्हां लोकांची मोठी पंचाईत होते. शिवाय तिच्या डोळ्यांत जे होते ते थट्टेचे नव्हते. तिच्या शाळेत नुकतेच पाण्याचे रॉकेट उडवून दाखवले होते. त्या रॉकेटला आजोबांच्या कंदिलाचा आकार द्यावयाचा, आणि जो यंदा घरावर लागणार नाही तो एकदा तरी आकाशात पाठवावयाचा, असा तिचा बेत होता. मी तिच्या आईकडे पाहिले. ती एवढेच म्हणाली, "त्यांना आवडलं असतं." मंजुरी मिळाली.

पाण्याचेच रॉकेट का, याचा खुलासा आधी करतो. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला, तेव्हा अमेरिकेतील शाळकरी मुलांना अग्निबाणांचे वेड लागले, आणि घरीच दारू कालवून नळ्यांत ठासणाऱ्या कित्येकांनी हातापायांना इजा करून घेतली. त्यावर उपाय सुचला तो नेब्रास्का राज्यातील ऑर्व्हिल कार्लाइल नावाच्या जोड्यांच्या दुकानदाराच्या कामातून. त्याने आपल्या भावाच्या साहाय्याने १९५४ सालीच कागदाचे हलके रॉकेट तयार केले होते. हॅरी स्टाइन या रॉकेटतज्ज्ञाने १९५७ मध्ये ते उचलून धरले. दारू मुलांनी हाताळावयाची नाही, कारखान्यात भरलेली लहानशी नळी तेवढी वापरावयाची, हा दंडक पडला आणि त्यातून नमुना-रॉकेटांचा छंद जगभर पसरला. आपण त्याहून एक पायरी खाली उतरलो, तर दारूचीही गरज उरत नाही. सरबताची दोन लिटरांची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, तिचा तिसरा हिस्सा पाण्याने भरावा, रबरी बुचातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आत घालावा आणि बाटली उलटी ठेवून पंपाने हवा भरावी. हवा दाबली जाते, बूच सुटते, पाणी खाली फेकले जाते आणि पाण्याला खाली फेकणारी बाटली वर फेकली जाते. न्यूटनने १६८७ साली मांडलेला गतीचा तिसरा नियम तो हाच. बाटलीची मान खाली आणि बूड आकाशाकडे, एवढे चित्र श्रोत्यांनी मनाशी धरून ठेवावे, म्हणजे पुढची हकिकत कळावयास सोपी जाईल.

आता प्रश्न आला आकाराचा. रॉकेट म्हणजे टोकदार, सडपातळ, मागे तीन-चार पंख असलेले, ही आपली कल्पना. कंदील तर पोटाने फुगीर, अंगाने कोनाकोनांचा. मुलीने कामट्यांचा सांगाडा बांधून बाटलीच्या वरच्या अर्ध्या भागावर मुकुटासारखा बसवला. खाली झिरमिळ्या सोडल्या. ते ध्यान पाहून मला ते डोक्याकडे जड वाटू लागले. मी एम. ए. झालो तो इतिहास घेऊन. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध शाळेबरोबर संपला होता. परंतु वयाच्या चाळिशीनंतर माणसाला सल्ला देण्यासाठी विषय यावाच लागतो असे नाही. मी म्हणालो, "हे कलंडेल. गवंड्याचा ओळंबा पाहिला आहेस ना? भार खाली असला, की दोरी सरळ राहते. बाटलीच्या मानेभोवती मातीचा गोळा लाव." तिला ते फारसे पटले नसावे, तिने एकदा विचारलेही, की ओळंबा वरून टांगलेला असतो, हे रॉकेट कशाला टांगलेले आहे? पण मी इतक्या ठामपणे बोललो होतो, की तिने माती लावली.

एका रविवारी भल्या पहाटे आम्ही जवळच्या मोकळ्या मैदानात गेलो. दोन कामट्या जमिनीत रोवून त्यांच्यामधून रॉकेटला वाट करून दिली. पंपाला लांब नळी जोडून सगळे दहा पावले दूर उभे राहिलो, डोळ्यांना चष्मे लावले. फट् असा आवाज झाला. कंदील कामट्यांतून सुटला, दोन पुरुष उंच गेला, तेथे त्याने एकाएकी कोलांटी मारली, तोंड फिरवले आणि तो सरळ जमिनीवर येऊन आपटला. आमच्या अंगावर पाणी उडाले ते वेगळेच. मुलगी धावत गेली. कागद फाटला त्याचे तिला काही वाटले नाही. पण आजोबांनी तासलेली एक कामटी मधोमध मोडली होती. ती कामटी तिने हातात धरली आणि एक शब्दही न बोलता घराकडे चालू लागली. तिने रडावे, निदान मला बोल लावावा, असे मला त्या वेळी फार वाटले.

त्या रात्री, कचेरीची कामे बाजूला ठेवून, माझे कोठे चुकले हे मी शोधू लागलो. शोधता शोधता जो माणूस भेटला, त्याने मला थोडा धीर दिला आणि बरीच शरम आणली. रॉबर्ट गॉडर्ड हा अमेरिकन शास्त्रज्ञ आधुनिक रॉकेटविद्येच्या जनकांपैकी एक. द्रव इंधनावर चालणारे जगातील पहिले रॉकेट त्याने १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ऑबर्न येथे, एफी नावाच्या आपल्या नातलग बाईंच्या शेतावर उडवले. ते दिसावयास मोठे विचित्र होते. बारीक नळ्यांची एक चौकट, तिच्या वरच्या टोकाला इंजिन आणि इंधनाच्या टाक्या खाली. इंजिन वरून ओढील, खालचा भार लोंबकळत राहील आणि बाण सरळ जाईल, अशी ती कल्पना. ते अडीच सेकंद उडाले, ४१ फूट उंच गेले आणि १८४ फुटांवर जाऊन पडले. इतिहास घडला, पण इंजिन वर ठेवल्याने बाण सरळ राहतो, ही समजूत खरी नव्हती, आणि गॉडर्डने पुढे इंजिन खाली नेले. म्हणजे माझा ओळंबा त्याच्याही मनात लोंबकळत होता.

ओळंबा चुकतो कोठे? मुलीने विचारलेल्या प्रश्नातच त्याचे उत्तर आहे. ओळंब्याची दोरी वर एका अचल खिळ्याला बांधलेली असते. गोळा बाजूला सरला, की दोरी त्याला मूळ जागी ओढून आणते. रॉकेटला आकाशात खिळा कोठला? त्याचा जोर त्याच्याच अंगातून येतो. अंग कलले, की जोरही त्याच दिशेने कलतो. आणि पृथ्वीचे आकर्षण तर त्याच्या प्रत्येक कणाला सारखेच खाली खेचते, ते त्याला वळवून सरळ करीत नाही. उडत्या वस्तूला वळवून सरळ करणारे कोणी असेल, तर ती समोरून येणारी हवा. वस्तूचा तोल ज्या बिंदूपाशी साधतो, तो बिंदू पुढे हवा आणि हवेची थोपवणूक मुख्यतः त्याच्या मागे व्हावयास हवी. मग बाण जरा तिरका झाला, तरी वारा त्याचे शेपूट धरून त्याला पुन्हा वाटेवर आणतो. आम्ही नेमके उलट केले होते. वाऱ्याला अडवणारा कंदील पुढे आणि मातीचा भार मागे. वाऱ्याने प्रामाणिकपणे आपले काम केले आणि भार पुढे आणण्यासाठी रॉकेट उलटे फिरवले.

हे कळल्यावर मला माझ्या इतिहासाचीही लाज वाटली. कारण ही गोष्ट आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मराठीत धनुष्यातून सुटतो तोही बाण आणि दिवाळीत बाटलीतून सुटतो तोही बाण. एकाच्या मागे पिसे असतात, दुसऱ्याच्या मागे काडी. काडी मोडलेला बाण कोणाच्या घरात शिरेल याचा नेम नसतो, हे आपल्याकडील प्रत्येक मुलाला कळते. मैसूरच्या फौजेने १७८० साली पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांना ज्या बाणांनी हैराण केले, ते म्हणजे लांब बांबूला बांधलेल्या लोखंडी नळ्याच होत. ते पाहून विल्यम काँग्रीव्हने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये जे बाण केले, त्यांनाही लांब काठी होती. काठीवाचून बाण सरळ नेण्याची युक्ती विल्यम हेल याने १८४४ साली काढली. त्याने बाणाला स्वतःभोवती भोवऱ्यासारखे फिरावयास लावले. आजच्या प्रचंड अग्निबाणांचे रक्षण पिसांवर किंवा काडीवर अवलंबून नसते. ज्वालेचा झोत क्षणोक्षणी इकडेतिकडे वळवून यंत्रेच शेपटाचे काम करतात. परंतु भारताने स्वतः तयार केलेले जे पहिले रॉकेट २० नोव्हेंबर १९६७ रोजी थुंब्याहून उडाले, त्या रोहिणीचा व्यास अवघा ७५ मिलिमीटर होता. आमची सरबताची बाटली तिच्याहून जाड आहे! आणि त्या रोहिणीलाही मागे पंख होते.

चूक कळली, पण दुरुस्ती मला सुचली नाही. ती सुचवली एका पतंगवाल्याने. लखनौत दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आपल्या पाडव्याला, जमघट असतो. त्या दिवशी सारे शहर गच्चीवर चढून पतंग उडवते. या शहराला आकाशाचे वेड जुनेच आहे. फ्रान्समध्ये माणसाने पहिले विमान-फुगे उडवले १७८३ साली, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी क्लॉड मार्टिनने लखनौच्या आकाशात उष्ण हवेचे फुगे चढवले होते. जमघट जवळ आला, की वसाहतीतही पतंगांची तात्पुरती दुकाने लागतात. कागद घ्यावयास आम्ही अशाच एका दुकानी गेलो. तेथील वृद्ध कारागिराला मुलीने तो मोडका कंदील दाखवला. त्याने तो दोन बोटांवर तोलून पाहिला, फिरवून पाहिला आणि म्हणाला, "बिटिया, सर भारी रखिए, दुम लंबी रखिए. बाक़ी हवा पर छोड़ दीजिए." डोके जड, शेपूट लांब, उरलेले हवेवर सोपवावे. गॉडर्डच्या चरित्रातून मला जे समजावयास एक रात्र लागली, ते त्या गृहस्थाने दोन बोटांत ओळखले. गिरक्या घेणाऱ्या पतंगाला शेपटी लावली की तो शांत होतो, हे मी लहानपणी स्वतः केले होते. पण ते ज्ञान पतंगाच्या खात्यात जमा होते. रॉकेटच्या खात्याशी त्याचा पत्रव्यवहार कधी झालाच नव्हता.

घरी आल्यावर मुलीने कोपऱ्यातले बॅडमिंटनचे फूल उचलून माझ्यापुढे धरले. पुढे जड बूच, मागे सोळा पिसांचा फुगीर घेर. कसेही मारा, ते हवेत उलटून बूच पुढे करते. "बाबा, कंदील मागे घातला तर त्याचं हे फूल होईल." तेव्हा माझ्या ध्यानात आले, की आमचा आकार चुकीचा नव्हताच, त्याची जागा चुकली होती. रॉकेट सडपातळच असले पाहिजे, असा हवेचा आग्रह नाही. फुगीर वस्तू उंच जाणार नाही, हे खरे. पण ती सरळ जाऊ शकते. ती विद्रूप दिसते, ही हरकत आपली आहे, हवेची नव्हे.

मग नव्याने बांधणी झाली. मानेवरची माती काढून ती बाटलीच्या बुडावर, म्हणजे आता जे डोके होते त्यावर, जाड कापडाच्या टोपीत बसवली. सांगाडा घसरवून मानेकडे आणला. मोडलेली कामटी फेकून द्यावी, असे मी सुचवणार होतो. तिने तोवर तिला दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावून दोऱ्याने घट्ट गुंडाळलेही होते. झिरमिळ्यांचा प्रश्न निराळा होता. पतंगी कागद पाण्याच्या झोताने लोळागोळा होतो. म्हणून त्या पातळ प्लॅस्टिकच्या केल्या, हातभर लांब, आणि कंदिलाच्या बाहेरच्या कडेला अशा बांधल्या, की झोत त्यांच्या मधून निघून जावा. शेवटी परीक्षा. रॉकेट जेथे आडवे तोलले जाते, तेथे एक दोरी बांधावयाची आणि ते डोक्याभोवती गरगर फिरवावयाचे. नाक पुढे ठेवून फिरले तर बाण सरळ जाईल. शेपूट पुढे आले किंवा आडवे झाले, तर घरी बसावे. उडवण्यापूर्वी चूक सांगणारी इतकी स्वस्त परीक्षा मी दुसरी पाहिली नाही. आमच्या कचेऱ्यांतील योजनांना अशी एखादी दोरी बांधता आली असती, तर किती बरे झाले असते! पहिल्या खेपेस कंदील आडवा फिरला. मुलीने आणखी थोडी माती भरली. तिसऱ्या खेपेस तो नाक पुढे करून शहाण्यासारखा फिरू लागला.

पाडव्याच्या दिवशी, पतंग वर चढण्याआधी, आम्ही पुन्हा त्याच मैदानात गेलो. या वेळी मी पंपाशी होतो आणि मुलगी पंधरा मीटरांवर जाऊन उभी राहिली होती. तिच्या हातात कंपासपेटीतला कोनमापक होता, त्याच्या मध्यातून सोडलेला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला एक जड खिळा. रॉकेट सर्वांत उंच गेले, की कोनमापकाच्या सरळ कडेवरून त्याच्याकडे नजर लावावयाची आणि दोरा किती अंशांवर आहे ते पाहावयाचे. त्यावरून उंची काढता येते. मी तो दोरा पाहिला, पण काही बोललो नाही. ओळंब्याला अखेर त्याचे खरे काम मिळाले होते.

आरंभी पाण्याचा भार खालीच असतो, तेव्हा तो क्षण कठीण. पण पाणी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निघून जाते आणि तेवढा वेळ रोवलेल्या कामट्या बाणाला हात देतात. बूच सुटले. कंदील कामट्यांतून निघाला आणि वर गेला. सरळ गेला. मागे झिरमिळ्या ताठ झाल्या होत्या, त्यांच्यावरून पाण्याचे थेंब उडत होते, आणि पूर्वेच्या उन्हात तो सारा आकार क्षणभर आतून दिवा लागल्यासारखा दिसला. वर एक क्षण थबकून तो हळूच उलटला आणि झिरमिळ्या वर करून, फुलासारखा, नाकावर खाली आला. कापडी टोपी चेपली; कामट्या सगळ्या शाबूत होत्या.

मुलीने दोरा वाचला. पंचेचाळीस अंश. म्हणजे पंधरा मीटर आणि तिच्या डोळ्यांची उंची धरून सुमारे सोळा. गॉडर्डचे ४१ फूट म्हणजे साडेबारा मीटर होतात, हा हिशेब तिने तेथेच करून टाकला. गॉडर्डने द्रवरूप प्राणवायू आणि पेट्रोल जाळले होते आणि त्याच्याआधी ते कोणी केले नव्हते, एवढा फरक मी नम्रपणे तिच्या निदर्शनास आणून दिला. तिने तो मान्य केला. कंदील तिने स्वतःच उचलून घरी आणला आणि पुसून, कामट्यांच्या जुडीशेजारी, कपाटावर ठेवला. वर्ष सरले की तो घरावर लागणार आहे, बाटली काढून.

या प्रयोगांची तिने एक वही ठेवली आहे. तीत उड्डाणाची तारीख, उंची, निकाल आणि कारण असे रकाने आहेत. सहीसाठी ती माझ्यापुढे आली, तेव्हा मी ती कचेरीतल्या सवयीने पहिल्या पानापासून वाचली. पहिल्या उड्डाणापुढे कारणाच्या रकान्यात शाईने लिहिले होते, "बाबा." त्याच्यापुढे, नंतर केव्हातरी, पेन्सिलीने भर घातली होती, "आणि गॉडर्ड." इतक्या थोर माणसाच्या जोडीला माझे नाव पुन्हा कोठे लागेलसे वाटत नाही. मी मुकाट्याने सही केली.